बोचक्यातला खेळ

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं अर्धी रिकामी होतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गेवराई या तालुक्यांतून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात येऊन उभा असतो आणि पाच-सहा महिन्यांचा संसार ट्रॉलीत चढवायचा असतो. बाजरीची पोती, तेलामिठाचे डबे, कोयते, एखादी शेळी, कोंबड्यांची डालगी, आणि या सगळ्यावर गोधड्यांची चळत. पोरं त्या चळतीवरच बसून जातात. ऊसतोडीच्या तळावर पोचल्यावर कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उभी राहते. मग खाली अंथरायला गोधडी, अंगावर घ्यायला गोधडी, वारं अडवायला दाराशी टांगलेली तीही गोधडीच.

गोधडीबद्दल मराठीत मायेनं पुष्कळ लिहिलं गेलंय. आजीची ऊब, आईच्या लुगड्याचा वास वगैरे. ते खोटं नाही, पण त्या मायेखाली एक साधा प्रश्न झाकला जातो. ऊब मिळायला गोधडी देखणी असावी लागत नाही. चार जुनी लुगडी एकावर एक घालून सरळ टाके मारले की थंडी भागते. मग लाल त्रिकोणाशेजारी पिवळाच त्रिकोण हवा, मधल्या चौकटीत चांदणी हवी, चारी कोपऱ्यांना एकाच खणाचे तुकडे हवेत, हा हट्ट कुठून आला? दिवसभर रानात खपलेली बाई एका तुकड्यासाठी बोचकं तीनदा उलथंपालथं का करते? मला वाटतं, गोधडीतला एवढा भाग खेळाचा आहे. लहानपणी मध्येच मोडलेला खेळ बाई इथं पुढं चालू ठेवते, आणि काटकसरीच्या नावाखाली चालू ठेवते म्हणून तिला कुणी काही म्हणत नाही.

म्हणून सुरुवात बाहुलीपासून करावी लागते. जुन्या पिढीतल्या बहुतेक बायकांच्या हातात सुई पहिल्यांदा आली ती बाहुलीसाठी. कापसाच्या मुलखात बाहुलीचं सगळं सामान शेतातच असतं. तूर झोडपल्यावर उरलेल्या तुराटीचे दोन तुकडे घ्यायचे, एक वीतभर, दुसरा त्याच्या निम्मा, आणि एकमेकांवर आडवे ठेवून दोऱ्यानं आवळायचे. सांगाडा तयार. कापसाचा बोळा धोतराच्या पांढऱ्या फडक्यात गच्च बांधला की डोकं होतं. बांधल्यावर खाली सुटलेलं फडकं सांगाड्याला गुंडाळलं की मान आणि छाती. केस काळ्या दोऱ्याचे, डोळे काजळाचे, कुंकू मात्र खरं. नाक सहसा नसतंच. चोळीला खणाचं कात्रण लागतं, ते शिंप्याच्या मशिनखाली सापडतं. लुगड्यासाठी आईच्या फाटक्या लुगड्याचा काठ फाडून घ्यायचा.

पहिली खरी अडचण इथं येते. काठ मोठ्या बाईच्या मापानं विणलेला असतो. तो वीतभर बाहुलीला नेसवला की गुडघ्यापासून कमरेपर्यंत नुसता काठच काठ. आता काठातली एकच बारीक रेघ कापून ती खाली लावायची, की काठ आत दुमडायचा, की हिचं अख्खं लुगडंच काठाचं आहे असं जाहीर करून मोकळं व्हायचं? सात-आठ वर्षांची पोर हा निर्णय घेते आणि घेतल्यावर त्यासाठी मैत्रिणीशी भांडते. नक्षीचा आकार आणि तिला मिळणारी जागा यांचं नातं काय, हा प्रश्न चित्रकलेच्या महाविद्यालयात फार उशिरा विचारला जातो.

मुलंही चिंध्यांपासून लांब नसायची. आबाधुबीला आणि लगोऱ्यांना लागणारा चेंडू चिंध्यांचाच असे. मधे एखादा घट्ट बोळा, त्यावर पट्ट्या आळीपाळीनं उभ्या-आडव्या आवळत न्यायच्या, शेवटी वरून सुतळीचं जाळं. पट्टी एकाच दिशेनं गुंडाळली तर चेंडू लांबुळका होतो, हे ज्याला एकदा कळलं त्याला पुन्हा सांगावं लागत नाही. पतंगाची शेपटी चिंधीची, पोळ्याच्या मातीच्या बैलावरची झूलही चिंधीचीच.

असल्या खेळण्यांचा इतिहास लिहिणं अवघड, कारण ती टिकत नाहीत. बीडच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. सातवाहनांच्या काळातलं हे व्यापारी नगर, आणि तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि बाहुल्या ठेवलेल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची माती हाताळता येते. त्याच घरांतल्या पोरींनी चिंध्यांच्या बाहुल्या केल्याच नसतील असं मानायला काही कारण नाही, पण आपल्या पावसात आणि वाळवीत कापडाचा निभाव लागत नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत लागला. नाईल खोऱ्यातल्या ऑक्सिरिंकस या गावी सापडलेली रोमन काळातली एक चिंधीची बाहुली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वरून जाडंभरडं तागाचं कापड, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे. ती इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकामधली मानतात. आपल्याकडच्या कुठल्याही गावात ती पोरींच्या हातात दिली तर त्यांना ती परकी वाटणार नाही. फार तर लुगडं नाही म्हणून हळहळतील.

बाहुली झाली की तिचं लगीन लागतं. हळद, मांडव, वरात, रुसवे, मानपान, सगळं साग्रसंगीत. एकीचा बाहुला, दुसरीची बाहुली, आणि लग्नानंतर बाहुली कुणाच्या घरी राहायची यावरून कट्टी. तळावर हाच खेळ थोडा बदलतो. पाचटाची कोपी होते, वाढ्याच्या मोळ्या बांधल्या जातात, आणि खेळात एकजण मुकादम होतो. मुलं जे बघतात तेच खेळतात, पण खेळताना त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं हे त्यांच्या हातात असतं. खेळातला मुकादम उचल परत मागायला लागला तर त्याला हाकलून देता येतं.

आता एक आकडा सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं बोलणं गोडगोड होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. स्थलांतराशी याचा सरळ संबंध आहे. वयात आलेली पोर गावात एकटी ठेवायची भीती, तळावर न्यायची त्याहून भीती, आणि लग्न झालं की नवराबायकोचा एक कोयता होऊन आणखी एक उचल मिळते. म्हणजे बाहुलीचं लगीन आणि स्वतःचं लगीन यांच्यात इथं फार वर्षं जात नाहीत. बाहुल्या माहेरच्या कोनाड्यात राहतात आणि पोर सासरी जाऊन भाकरी थापायला लागते. तिच्या जुन्या उद्योगातली एकच गोष्ट सासरच्या घराला चालते, ती म्हणजे चिंध्या गोळा करून सुई चालवणं. फक्त आता त्यातून बाहुलीऐवजी गोधडी व्हायला हवी.

गोधडीचा हंगाम उन्हाळ्यातला. ऊसतोड संपून कारखान्याचा पट्टा पडलेला असतो, माणसं गावी परतलेली असतात, पेरणीला अवकाश असतो. दुपारी बोचकं सोडलं जातं. या बोचक्यात वर्षभराचं धडुतं साठलेलं: दंड घालूनही न टिकलेलं लुगडं, विरलेलं धोतर, सदऱ्याच्या बाह्या, परकराचा घेर, पोरांची आखूड झालेली झबली, शिंप्याकडची कात्रणं. जमीन झाडूनपुसून घेतली की आधी खालचं अस्तर पसरतात. धड लुगडं यासाठीच राखून ठेवलेलं असतं. त्यावर आतले थर. आत कापूस भरत नाहीत; कापूस भरून पिंजाऱ्यानं करायची ती गादी किंवा रजई. गोधडी म्हणजे नुसत्या कापडावर कापड. चार थरांची चौघडी, पण घरातलं धडुतं किती यावर पाच-सहा थरही पडतात. तळहातानं थर सारखे करत, चारी बाजूंना दगड किंवा वरवंटा ठेवून ताण धरायचा आणि लांब कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी बसवायचं.

मग वरचा थर, तिथं खेळ सुरू होतो. तुकडे टाकून बघायचे, उचलायचे, फिरवायचे. आराखडा कागदावर नसतो. काय काढायचं ते बोचक्यात काय निघालं यावर ठरतं. हिरवा खण एका बाजूला तीन तुकडे पुरला आणि चौथ्याला संपला, तर चौथ्या ठिकाणी त्याच्या जवळचा दुसरा हिरवा शोधायचा, नाहीतर मुद्दाम भडक लाल टाकून ‘इथं मी असंच ठरवलं होतं’ असा आव आणायचा. जाणत्या बाईच्या गोधडीत असा लाल तुकडा एकटा राहत नाही. तिनं दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार बसवलेला असतो. बाहुलीच्या काठाशी झालेली झटापट इथं मोठ्या मापात पुन्हा होते.

शिवण कडेपासून सुरू होते. बाहेरच्या काठाला समांतर धावदोरा घालत चौकोनात चौकोन असं आत सरकत जायचं, मध्यावर येऊन संपायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. टाका खालून वर, वरून खाली, एका दमात सुईवर चार-पाच टाके भरून घेऊन मग दोरा ओढायचा. दोरा ओढला की कापड किंचित आवळतं आणि ओळींच्या मधला भाग फुगतो. पुढं दोन-चार धुण्यांनंतर कापड आटतं, आणि सगळ्या गोधडीवर त्या बारीक सुरकुत्यांच्या लाटा उठतात. मशिनवर शिवलेल्या गोधडीत या लाटा नसतात; तिथं टाका सगळीकडे सारखा बसतो आणि कापड पडून राहतं. समोरासमोर बसून दोघी-तिघी शिवत असतील तर कुणाचा टाका कुठं संपला आणि कुणाचा सुरू झाला हे पाठीमागून ओळखू येतं. सासूचा टाका बारीक आणि सुनेचा लांब, असं जुन्या गोधडीवर हात फिरवून सांगणाऱ्या बाया अजून आहेत.

सगळ्यात जास्त खेळ बघायचा असेल तर मोठी गोधडी सोडून तान्ह्या पोराचं दुपटं आणि कुंची बघावी. दुपट्याला कापड थोडं लागतं, ते किती दिवस टिकणार याची काळजी नसते, आणि ते पोरासाठी आहे म्हटल्यावर कशाचाच जाब द्यावा लागत नाही. मोठ्या गोधडीत सरळ चौकटी लावणारी बाई दुपट्यावर पोपट बसवते, कडेला त्रिकोणांची रांग लावते, कुंचीच्या टोकाला गोंडा आणि घुंगरू शिवते. खणाच्या तुकड्यांची कुंची म्हणजे माणसाला नेसवलेलं बाहुलीचं कापडच. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या आणि १९५३ मध्ये छापलेल्या निबंधात अशा वस्तूंकडे लक्ष वेधलं होतं. पांघरुणाचा एखादा कोपरा किंवा मऊ कापडाचा तुकडा लहान मूल सोडायला तयार होत नाही. तो तुकडा त्याच्या दृष्टीनं ना पुरता आपण, ना पुरती आई, आणि खेळ-कला यांची सुरुवात याच मधल्या जागेत होते, असं त्यांचं म्हणणं. आईच्या लुगड्याचं दुपटं असेल तर विनिकॉट यांचं बोलणं वेगळं समजावून सांगायला नको.

दुपट्यातून चित्रकला कशी निघते याचा एक पुरावा पॅरिसमध्ये आहे. सोनिया डेलोने ही चित्रकार १८८५ मध्ये ओडेसाच्या बाजूला जन्मली आणि लहानपणीच सेंट पीटर्सबर्गला मामाकडे वाढायला गेली. १९११ च्या जानेवारीत तिला पॅरिसमध्ये मुलगा झाला. त्याच्यासाठी तिनं कापडाच्या तुकड्यांचं एक पांघरूण शिवलं, जन्मगावाकडच्या शेतकरी घरांत तिनं पाहिलं होतं तसं. शिवून झाल्यावर तिच्या आणि तिच्या मित्रांच्या लक्षात आलं की, घनवादी चित्रकार ज्याच्यामागं लागलेत ते इथं पाळण्यात पडलंय. पुढं तिनं आणि तिचा नवरा रॉबेर यानं रंगाला रंग भिडवण्याची जी रीत चित्रांत आणली, तिची सुरुवात अनेक अभ्यासक या पांघरुणापाशी धरतात. ते आज पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात, पोम्पिदू केंद्राच्या संग्रहात आहे. हे वाचून ‘मग आमच्या आज्या पिकासो होत्या’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. डेलोनेकडे पॅरिस होतं, रंगाचं दुकान होतं, समीक्षक मित्र होते आणि पांघरूण भिंतीवर लावायला भिंत होती. हाताची करामत सारखी असली तरी पुढची वाट सारखी नव्हती.

अमेरिकेतल्या फेथ रिंगगोल्ड (१९३०-२०२४) यांची गोष्ट आपल्या विषयाला आणखी जवळची. त्यांच्या घराण्यात गोधड्या शिवायची रीत गुलामगिरीच्या काळापासूनची. आई कपडे शिवणारी, फॅशनच्या धंद्यातली. १९८८ मध्ये रिंगगोल्ड यांनी ‘टार बीच’ नावाची गोधडी केली. मधे रंगवलेलं चित्र, कडेनं कापडाचे तुकडे आणि वर-खाली हातानं लिहिलेली गोष्ट. न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या इमारतीची डांबरी गच्ची, उन्हाळ्याची रात्र, मोठी माणसं पत्ते खेळतायत, आणि आठ वर्षांची कॅसी सतरंजीवर पडल्या पडल्या उडायला लागते. पुलावरून उडाली की पूल तिचा होतो. बापाला कामगार संघटनेत घेत नाहीत, तर त्या इमारतीवरून उडून ती इमारतही आपली करून टाकायची. तळावरच्या पोरांनी खेळातल्या मुकादमाला हाकलावं, तसंच हे. ही गोधडी गुगेनहाइम संग्रहालयात आहे आणि १९९१ मध्ये तिच्यावरून मुलांचं पुस्तकही निघालं. आठवण, खेळ आणि राग हे तिन्ही एका कापडात शिवता येतात, हे रिंगगोल्ड यांनी उघड करून दाखवलं. आपल्याकडच्या गोधडीत राग शिवलेला आहे की नाही हे ती शिवणाऱ्या बाईला विचारायला कुणी गेलं नाही, एवढाच फरक असेल.

बीड जिल्ह्यानं कापडाला कागदाचं काम दिल्याचं एक जुनं उदाहरण मात्र आहे. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंत (१५५१-१६१५) म्हणजे गीतार्णवासारखा सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ लिहिल्याचं सांगितलं जातं ते कवी. पंचमहाभूतांचा विचार सांगणारं पंचीकरण त्यांनी कागदावर न लिहिता सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिलं, तेही आकृत्या आणि चित्रं काढून, त्यांच्या अवतीभोवती ओव्या भरून. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड कापड, रोजच्या वापरातलं. तत्त्वज्ञान शिकवायला पांघरूण पसरणं ही कल्पना मला फार आवडते. लोकांनी कडेनं बसावं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं बघत जावं अशी तिची रचना वाटते. सारीपाटाचा कापडी पट पसरून खेळणाऱ्या आणि शिड्या-सापांच्या मोक्षपटाचं श्रेय ज्ञानेश्वरांना देणाऱ्या मुलखात हे नवल नाही. जमिनीवर कापड अंथरलं की त्यावर काहीतरी मांडायचं, आणि मांडलं की त्यातून चालत जायचं, ही सवय इथं जुनी आहे.

मोठ्या बायांच्या बाहुल्यांना मानाची जागा मिळते ती भाद्रपदात. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्मी म्हणतात. लोखंडी किंवा पत्र्याच्या सांगाड्यावर मुखवटे बसवून ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करायच्या, त्यांना साड्या नेसवायच्या, दागिने घालायचे, शेजारी त्यांची पिलवंडं मांडायची, पुढं खेळण्यांची आरास करायची. निऱ्या नीट पडेपर्यंत साडी तीन-तीनदा सोडली जाते. पदर कुणाचा चांगला बसला यावर जावाजावांत चढाओढ लागते. यात भक्ती आहेच. पण घरातल्या कर्त्या बाया अर्धा दिवस जमिनीवर बसून टाचण्या तोंडात धरून सांगाड्याला साडी नेसवतायत आणि कुणी त्यांना स्वयंपाकाला हाका मारत नाही, असं वर्षातून एरवी कधी घडतं?

तांड्यांवरची गोष्ट निराळी आणि अधिक लखलखीत. बीड जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ आहेत आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांत बंजारा कुटुंबंही मोठ्या संख्येनं आहेत. फेटिया, कांचळी, ओढणी, घागरीखालची कवड्या लावलेली चुंबळ, पैसे ठेवायची कोथळी, सगळ्यावर भरतकाम, आरसे, कवड्या, शिक्के. इथं मुलीला बाहुलीच्या आडून शिवण शिकावी लागत नसे. तिच्या स्वतःच्या लग्नाचं सामान भरणं हाच अभ्यास असे, आणि मोठ्या मुलींच्या घोळक्यात बसून तो खेळासारखाच चाले. कर्नाटकात बंजाऱ्यांना लंबाणी म्हणतात; तिथं संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या संडूर कुशल कला केंद्रानं टाक्यांची नावं, प्रकार नीट जतन केले, आणि २०२३ च्या जुलैत हंपीला जी-२० च्या सांस्कृतिक बैठकीच्या वेळी लंबाणी भरतकामाच्या १,७५५ वस्तू मांडून गिनीज विक्रमही झाला. आपल्याकडे नव्या मुली साडी नाहीतर पंजाबी ड्रेस घालतात. फेटिया-कांचळी तीजला, होळीला, लग्नाला पेटीतून बाहेर निघते. याबद्दल हळहळणं सोपं आहे. तो घेरदार, आरशांचा, जड पोशाख घालून उसाच्या फडात मोळ्या वाहून बघाव्यात आणि मग हळहळावं.

गोधडीला प्रदर्शनाची जागा मिळते ती वर्षातून एकदा, तीही कुणी ठरवून दिलेली नाही. नवरात्राच्या आधी घरातलं सगळं पांघरूण-अंथरूण धुवायची रीत आहे. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा, गोदावरी, जिथं पाणी असेल तिथं बायाबापड्या, पोरं, बैलगाड्या, छोटे टेंपो भरून धुणं येतं. दुपारपर्यंत काठावरचे खडक, पुलाचे कठडे, बाभळी, गवताची पट्टी, सगळीकडे गोधड्या वाळत पडलेल्या असतात. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण उलगडतात. बाया एकमेकींच्या गोधड्यांवरून नजर फिरवतात, कुणाचा तुकडा कुठून आला ते विचारतात, एखादी नवी मांडणी डोळ्यांत साठवून नेतात. एका गावातली चांदणी दुसऱ्या गावात जाते ती अशी. आणि पंधरा दिवसांत त्याच गोधड्या ट्रॉलीत चढतात.

शहरानं गोधडीकडे वळून बघायला तसा उशीरच केला. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रभर फिरून इथल्या गोधड्यांवर २०१३ मध्ये सचित्र इंग्रजी पुस्तक काढलं. अशा कामाची नोंद होण्यासाठी त्यांच्यासारख्या गोधडी शिवणाऱ्या बाईलाच पुढं यावं लागलं. जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांनी बायकांचे बचतगट उभे केले, गोधड्या शिवून विकण्याचा उद्योग त्यांना मिळवून दिला, आणि २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विक्री सुरू झाली की एक गंमत होते. गिऱ्हाइकाला आधीच्यासारखीच दुसरी हवी असते. बोचक्यात त्या रंगाचं कापड नसतं, म्हणून बाजारातून नवं ठाण आणलं जातं, माप ठरतं, तुकडे पट्टीनं कापले जातात. कामाचे पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. खेळ मात्र ठाणाबरोबर कमी होतो. यावर उपाय एकच दिसतो: घेणाऱ्यानं आपलंच बोचकं पाठवावं आणि मांडणी शिवणारीवर सोडावी. काही ठिकाणी तसं होऊ लागलंय; माणसं बाळाच्या जुन्या कपड्यांची गोधडी करून मागतात.

गावात दुसरीच अडचण आहे. जुनं लुगडं सुती असे. आता घरोघरी साड्या पॉलिस्टरच्या. त्या फाटत नाहीत, म्हणून चिंधी होत नाही; गोधडीत घातल्या तर थर एकमेकांवर सरकतात, घाम टिपत नाहीत, आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळतात. कोपीत, पाचटाच्या भिंतीशेजारी, हे शेवटचं कारण लहान नाही. शहाण्या बाया तोडगा काढतात: वरून दिसायला पॉलिस्टरच्या साडीचे चकचकीत तुकडे, आतले थर मिळतील तिथून आणलेल्या सुती कापडाचे. गावोगाव मशिन घेऊन फिरणारे टेंपोवालेही येतात, दारात साड्या आणून दिल्या की तासाभरात गोधडी शिवून देतात. वापराला ती उत्तम. वरची मांडणी करायला मात्र तिथं कुणाला वेळ नसतो, दोन अख्ख्या साड्या एकमेकींना पाठ लावून शिवल्या जातात.

आतल्या थरांची एक गोष्ट सांगायची राहिली. गोधडी विरली की टाकत नाहीत. ती नव्या गोधडीच्या पोटात जाते. म्हणून बीडमधल्या एखाद्या जुन्या घरातली जड गोधडी उसवली तर आत दुसरी, तिचे टाके तसेच असलेली, आणि नशीब असेल तर तिच्या आत तिसरी सापडते. वरचा थर नातवाच्या शाळेच्या सदऱ्याचा असेल, मधला १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईच्या लुगड्याचा. संग्रहालयाच्या नोंदवहीत ‘काळ’ या रकान्यात एकच साल लिहायची सोय असते. गोधडी दाखल करताना तिथं काय लिहायचं, हे ठरवणाऱ्यानं आधी तिची एखादी कड सुईनं अलगद उसवून बघावी आणि मग, बघून झाल्यावर, आपल्या हातानं शिवूनही द्यावी.